बनाआजीनं न तोडलेला कान

बनाआजीनं बाळासाहेबांचा कान दातानं तोडला आणि ओढ्यात थुंकला, असं घोडेगावच्या स्टँडवर अजून सांगतात. हीच गोष्ट शिनोलीला पोचते तेव्हा ती थुंकत नाही, गिळते. मंचरच्या बाजारात एका कांदेवाल्याच्या तोंडून मी ऐकली, तिथं तर दोन्ही कान गेले होते. सांगणारा तळहात पसरून कान कुठं पडला होता ते दाखवत होता, "ह्येवढा, रगात नुसतं." मी पुढं झालो आणि त्याच्याच खरखरत्या आवाजात त्याला विचारलं, "तुमी व्हता का तिथं, भाऊ?" तो म्हणाला, "मेव्हणा व्हता."

त्याचा मेव्हणा तिथं नव्हता. अलीकडं आमचं बोरठाण होतं, पलीकडं घोणसदरा होता, मधे ओढा होता, आणि ओढ्यावरच्या मोरीच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, तोंडाशी आमच्याच माणसांत चेपलेला मी होतो. मी जे पाहिलं ते असं: बाळासाहेबांना आजही दोन कान आहेत. उजव्याची वरची कड गेलीय, त्यामुळं चष्म्याची काडी घसरते आणि ते दर दोन वाक्यांना ती वर सारतात. ती कड दगडानं गेली, आणि तो दगड त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं मारला होता. बनाआजीनं चावला तो अंगठा, डावा. तोही तिनं तोडला नाही, फक्त सोडला नाही.

बनाआजी माझी सख्खी आजी नव्हे. आमच्या बौद्धवस्तीतलं शेवटचं घर तिचं. वस्तीतलं एकूणएक पोर तिच्या हातचा मार खाऊन वाढलेलं, त्या नात्यानं ती सगळ्यांची आजी. माहेर अवसरी खुर्दचं. तिथं आता मोठं इंजिनिअरिंग कॉलेज झालंय. तिच्या लहानपणी माळ होता आणि त्या माळावर तिनं काठीनं लांडगा मारला असं ती सांगते. लांडग्याची बाजू ऐकायला मिळत नाही, म्हणून ती गोष्ट मी सोडून देतो.

लग्न होऊन ती बोरठाणला आली त्याच साली नवऱ्यानं दारू पिऊन तिच्यावर हात उगारला. तिनं त्याच्या हातावर मुसळ घातलं. मोडलेलं हाड बसलं ते वाकडंच बसलं, आणि पुढं म्हातारपणी तो आल्या-गेल्या पाव्हण्यांना शर्टाची बाही वर करून ते दाखवायचा, जसं कुणी पदक दाखवावं. "ही आमची बाय," म्हणायचा. तो गेल्यावर ती मुकादम झाली. म्हणजे सकाळी वस्तीवरच्या आणि गावातल्या बायका पिकअपमध्ये भरायच्या, नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला न्यायच्या आणि संध्याकाळी मोजून परत आणायच्या. एकदा ड्रायव्हरनं क्रेट घेताना एका नव्या पोरीच्या कमरेला हात लावला. आजीनं ते पाहिलं. तो मागं क्रेट लावत असताना तिनं पिकअपचा मागचा फाळका त्याच्या बोटांवर आपटला, वर स्वतः बसली, आणि पोरीला म्हणाली, पानी आन.

मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करतो, पण तिची नक्कल करणं अवघड आहे. बाळासाहेबांची सोपी, ते "म्हंजी कसंय" म्हणून सुरू करतात आणि मग कसंय ते कधीच सांगत नाहीत. हेडसरांची त्याहून सोपी. आजीचं मात्र बोलणं थोडं, खालच्या आवाजात, आणि शेवटी "आयकलं?" हा शब्द. त्याला उत्तर द्यायला तुम्ही तोंड उघडेपर्यंत फटका बसलेला असतो. आवाज जमतो, फटक्याची वेळ जमत नाही.

अशी ही बाई आयुष्यात एकाच माणसाला मारायची राहिली. तो तिचा मुलगा नवनाथ.

चौऱ्याण्णव साली सुरतेला प्लेग आला. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण वस्तीत ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की मला तिच्यातले खोकलेसुद्धा पाठ आहेत. इकडं प्लेग आला नाही, पण मेलेल्या उंदराची बातमी रोज यायची, आणि शाळेला सुट्टी दिली. नवनाथ नववीत होता. सुट्टी संपली, शाळा उघडली, तरी आजीनं त्याला पाठवलं नाही. तिला भीती वाटली. सर दोनदा घरी आले, तिनं दोनदा सांगितलं, रोग समदा जाऊंद्या. तेवढ्या दिवसांत नवनाथ शेजारच्या पोराबरोबर गंमत म्हणून खडीच्या क्रशरवर गेला, हातात पैसे आले, सिनेमा पाहिला. रोग गेल्यावर आजी म्हणाली, आता जा. तो म्हणाला, आता कशाला. आज तो तिकडं चाकणच्या बाजूला क्रशरवरच आहे. दिवाळीला येतो, खडीच्या धुळीनं पांढरं खोकतो, पितो, दोन दिवस झोपतो आणि जातो. त्याची बायको रत्ना आणि मुलगी यशोधरा आजीकडं.

"तवा मारलं न्हाई म्या त्याला," आजी म्हणायची. "भ्याले. शिक्शान बुडंल म्हून न्हाई, मरंल म्हून भ्याले." एवढं बोलून ती समोर जो असेल त्याला कामाला लावायची.

आता दोन हजार नऊ. यशी जूनमध्ये पाचवीला घोणसदऱ्याच्या शाळेत जायला लागली, कारण बोरठाणला चौथीपर्यंतच आहे. मीही त्याच शाळेत दहावीला. ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं जायला लागली. टीव्हीवर हिंदीतून "सावधान" ऐकू आलं की अख्खी वस्ती बघायला जमायची, एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत. शाळा बंद झाल्या. यशीला घरी एकटी कुठं ठेवणार, म्हणून आजीनं तिला पिकअपमध्ये घेतलं.

तिथंच फसलं. पोरीचा हात असा चालायचा की बायका काम सोडून बघायच्या. पिकलेला टोमॅटो ती बघतसुद्धा नव्हती, बोटांना कळायचं. येताना ड्रायव्हरच्या शेजारी पुढं बसायची, खिडकीतून हात बाहेर काढून. एक दिवस मळेवाला आजीला म्हणाला, हिला रोज आनत जा बाई, दोन बायांचं काम करती. परतताना पिकअपमध्ये एका बाईनं कौतुकानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि आजीनं तिच्या कानशिलात दिली.  तेवढ्यात पुढच्या खिडकीतून यशी म्हणाली, मला शाळा नकोच, गणिताचे सर कान पिळतात, आता कशाला जायचं.

हे "आता कशाला" आजीनं पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं. त्या संध्याकाळी तिनं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं रत्नाला सांगितलं की साळा ज्या दिवशी उघडंल त्या दिवशी ही पोरगी आत बसली पायजे. एक बी खाडा पडला तर ती गेली. आयकलं? रत्नानं मागं सरून ऐकलं.

शाळा सोमवारी उघडणार असं कळलं. पण त्याआधी गावाचं डोकं फिरलं होतं.

भोसरीला कामाला असलेला एक जण तापानं फणफणून गावात आला आणि तिथून सुरू झालं. गिरणीवाला हौशीराम जन्मभर शिंकत आलाय, पीठच ते, नाकात जाणार. पण त्या आठवड्यात तो शिंकला तेव्हा दळणाच्या रांगेतल्या माणसांनी त्याला त्याच्याच पायलीनं बडवला. एसटीत एका म्हाताऱ्याला खोकला आला, तर कंडक्टरनं बेल मारायच्या आधीच लोकांनी त्याला खाली उतरवलं होतं, पिशवी मागनं फेकली. आणि मग अंबाबाईच्या अंगात आलं. अंबाबाई एरवी इतकी बारीक बोलते की दुकानात तिला साखर मागावी लागते तीन वेळा. त्या दिवशी देवळासमोर केस मोकळे सोडून ती जी घुमली, तो आवाज तिच्या घशातून कसा आला याचा मी अजून सराव करतोय. म्हणाली, मला शिवंच्या भायेर घाला, मी जाते, रोग घिऊन जाते.

म्हणजे मरीआईचा गाडा. आमच्या भागात पूर्वी पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गाव गाडा करायचं. त्यात देवी, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं ठेवायची, वाजवत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. पुढच्या गावानं तो हळदकुंकू लावून घ्यायचा आणि आपल्या पुढच्या शिवेवर पोचवायचा. एकदा गाडा शिवेवर टेकला की तो पुढं जाईपर्यंत आपल्या गावातल्या कुणी शीव ओलांडायची नाही. जो ओलांडंल त्याच्या टाचेबरोबर रोग माघारी येतो. आणि गाडा ओढायचं काम आमच्या वस्तीचं असायचं. असायचं, म्हणजे छप्पन सालापर्यंत. त्या साली आमच्या म्हाताऱ्यांनी धम्म घेतला आणि गाड्याचा दोर ओढ्यात फेकून दिला.

आता सुतारानं नवा गाडा केला, बैलगाडीच्या निम्मा, दोन चाकांचा, पुढं दोन दांड्या. ओढायचं काम वस्तीचं आणि वस्ती ओढणार नाही, म्हणून गावकऱ्यांनी तो ओढला नाही. मागून ढकलत नेला. ढकलणं म्हणजे ओढणं नव्हे, यावर बाळासाहेब ठाम होते. बाळासाहेब मागच्या वेळी सरपंच होते, या वेळी पडलेत, पण आवाज सरपंचाचाच राहिलाय. डफ वाजत, गुलाल उडत गाडा मोरीवर पोचला. पुढं घोणसदऱ्याच्या बाजूला चढ आहे आणि चढावर गाडा ढकलून जात नाही, दोघं पायाखाली येता येता वाचले. मग तिथंच ठेवला, नारळ फोडला, सगळे माघारी आले, मागं वळून न बघता.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की शाळा पलीकडं आहे.

मागचा गाडा गेला तेव्हा ओढ्याच्या पलीकडं नुसतं गवत होतं. नियम सगळ्यांना माहीत होता, शाळा मधे झाली हे कुणी धरलंच नव्हतं. आपल्याच पोरांच्या वाटेवर आपणच देवी बसवली. आणि घोणसदऱ्यानं ती पुढं न्यायला साफ नकार दिला. त्यांची माणसं काठ्या घेऊन पलीकडं बसली, गाडा इंचभर इकडं आला तर टाळकी फोडू म्हणून.

सोमवारी शाळा उघडली आणि बोरठाणचं एकही पोर गेलं नाही. आम्ही पोरं खूश होतो, खोटं कशाला बोलू. हेडसर स्वतः पलीकडच्या काठाला आले. तोंडाला हिरवा मास्क, बोलताना तो हनुवटीवर ओढायचे आणि श्वास घेताना परत नाकावर. "या ठिकाणी मी बोरठाणच्या सर्व पालकवर्गाला या ठिकाणी विनंती करतो," असं त्यांनी ओरडून सांगितलं, की शाळेत साबण ठेवलाय, मास्कचं खोकं आलंय, बाकावर एकेकच मूल बसवू, भिण्याचं कारण नाही. तेवढ्यात घोणसदऱ्याचाच एक म्हातारा खोकला आणि हेडसर भाषण तिथंच सोडून चार पावलं मागं गेले.

त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. बाळासाहेब म्हणाले, म्हंजी कसंय, भागुजीबाबा, गाडा तुमच्या आळीनं पुढं वढून दिला की झालं, घोनसदऱ्याचं बी तुमच्या लोकांम्होरं चालायचं न्हाई, त्यांचा मान हाय ह्यात. भागुजीबाबा हे बनाआजीचे थोरले दीर, विहारात वंदना घेतात आणि साधं पाणी मागतानाही पुस्तक वाचल्यासारखं मागतात. ते उभे राहिले. "ज्या मानाला आमच्या बापानं ओढ्यात सोडलं," ते म्हणाले, "तो मान तुमी घ्यावा, बाळासाहेब. तुमच्यात दम हाय." हसला कोण ते मला माहीत आहे, नाव सांगणार नाही. त्या हसण्यावर चप्पल आली. मग खुर्ची आली. भागुजीबाबांचा पांढरा सदरा गळ्यापासून खालपर्यंत फाटला, आमच्या एका काकाचे पुढचे दोन दात पडले, गावकऱ्यांतल्या एकाचं मनगट उलटं झालं. पंचायतीची ट्यूबलाइट फुटली तेव्हा लोक घरी गेले.

वस्तीत विहाराच्या ओट्यावर भागुजीबाबांनी निकाल दिला. दोराला हात लागणार नाही. वर्ष गेलं तर गेलं, पोरं घरी बसतील. सगळ्यांनी मान हलवली. बनाआजी बाजूला उभी होती. ती म्हणाली, "दोर मी बी उचलनार न्हाई, भावजी. पन पोरगी घरी ठिवनार न्हाई. एक ठिवला, त्यो बघताय तुमी." मग ती घरात गेली. भागुजीबाबा बराच वेळ फाटका सदरा नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, एका हातात यशीचं मनगट. यशीनं गणवेश घातला होता, लाल रिबिनी बांधल्या होत्या, आणि ती रडत होती, कारण पिकअप वस्तीच्या कोपऱ्यावर हॉर्न देत उभी होती आणि तिला तिकडं जायचं होतं. आजीनं वाटेत दोनदा तिला हिसका दिला. मागून आम्ही पोरं, आमच्या मागून वस्ती, आणि वस्तीच्या मागून गाव. तमाशा चुकवेल असं बोरठाण नाही.

मोरीच्या तोंडाला बाळासाहेब आणि त्यांची माणसं काठ्या घेऊन उभी. मोरीवर गाडा. पलीकडं घोणसदरा, दगडांचे ढीग रचून. खाली ओढा ऑगस्टातला, लाल, फुगलेला, झाडाच्या फांद्या घेऊन चाललेला.

आजी म्हणाली की ती गाड्याला हात लावायला आलेली नाही, बाजूनं जाणार आहे, पोरीला शाळेत सोडणार आहे. बाळासाहेब म्हणाले की गाव मेलं तर? आजी म्हणाली, गाव रोज मरतंय, त्याला साळंची गरज लागत न्हाई. मग ती बाजूनं निघाली आणि एकानं तिला काठी मारली. डाव्या खांद्यावर, गळ्याजवळ. हाड मोडल्याचा आवाज मला आला. ओली फांदी मोडते तसा नव्हे, खापरी फुटते तसा. ती बसली नाही. यशीचं मनगट सुटलं तेवढंच. बाळासाहेबांनी तिला मागं ढकलायला हात पुढं केला आणि तो अंगठा तिच्या दातात गेला.

त्यांनी तिला बुक्क्या मारल्या, डोक्यात, पाठीत. ती मागं मागं सरत गेली आणि ते तिच्याबरोबर, कारण अंगठा बरोबर होता. ती गाड्याच्या दांड्यांमध्ये पाठमोरी शिरली, त्यांना आत ओढलं आणि खालून बाहेर निसटली. आता बाळासाहेब दांड्यांत होते, बैलाच्या जागी. गावात सांगतात की तेव्हा बनाआजी ओरडली, "आनलास तूच, ने तूच, आयकलं?" आता अंगठा तोंडात असताना कुणी बोलतं का? ते मी बोललो होतो, गर्दीतून, तिच्या आवाजात. पण लोकांना तिचंच वाटलं, आणि मुख्य म्हणजे बाळासाहेबांनाही तिचंच वाटलं.

तिनं अंगठा सोडला. त्याच क्षणी पुतण्यानं तिला दगड मारला आणि तो काकाच्या कानाला लागला. रक्त गळ्यात उतरलं. बाळासाहेब कळवळून पुढं सरकले आणि त्यांच्याबरोबर गाडाही सरकला. घोणसदऱ्याला वाटलं, आला. पलीकडून दगडांचा पाऊस सुरू झाला. बाळासाहेब वळले आणि गाड्यासकट माघारी निघाले. तेव्हा आमच्या बाजूनं आरडाओरडा झाला की आरं देवी माघारी आनतोय, मारा, आणि त्यांच्याच माणसांनी त्यांना दगड मारायला सुरुवात केली. भाऊबंद, मतदार, सगळे. बाळासाहेब दांड्या धरून मोरीवर पुढं दोन पावलं, मागं दोन पावलं असे नाचत होते आणि दोन्ही गावं त्यांना झोडत होती. शेवटी त्यांनी गाडा बाजूला फिरवला. मोरीला त्या अंगाला कठडा नाही. गाडा खाली गेला, बांगड्या फुटल्या, लिंबं उडाली, आणि दांड्यांतून न सुटलेले बाळासाहेबही गेले.

सगळे थांबले. पाण्यात गाडा एकदा पालथा झाला आणि एक हात वर आला. कुणी हललं नाही. बनाआजी काठावरून खाली घसरली, कमरेइतक्या पाण्यात उतरली, करवंदीचं खोड मोडक्या हाताच्या काखेत दाबून धरलं आणि उजव्या हातानं बाळासाहेबांची कॉलर पकडली. गाडा निसटून गेला, घोडनदीच्या दिशेनं, भोवरे खात. तिनं त्यांना काठावर ओढून घेतलं, ते खोकले, पाणी ओकले, डोळे उघडले. मग तिनं त्यांना मुस्काटात मारली. ती मात्र काठीच्या बदल्यातली होती.

वरती अंबाबाईला पुन्हा घुमारा आला. गेली, पान्यानं गेली, म्हणाली, आणि आडवी झाली. म्हणजे गाडा कुठल्याच गावाच्या हद्दीत राहिला नव्हता. शीव मोकळी होती. नियमात बसत होतं. तरीही कुणी पहिलं पाऊल टाकेना. बोरठाणची सगळी पोरं मोरीच्या अलीकडं उभी, मीही. यशी रस्त्यातच फतकल मारून बसलेली, दप्तर मांडीवर, नाक गळतंय.

आजी वर आली आणि मोरीच्या दगडावर टेकली. डावा खांदा खाली लोंबत होता. मला म्हणाली, न्हे हिला. मी म्हणालो, मी नाही जात, कुणीच जायचं नाही आज, सगळे दुसऱ्याची वाट बघतायत. आजी म्हणाली, "पैज?"

मी म्हणालो, पैज, एकसुद्धा पोरगं शाळेत जाणार नाही आज. मी जिंकलो तर शाळेच्या गॅदरिंगला तिचंच लुगडं नेसून तिची नक्कल करणार आणि तिनं पहिल्या रांगेत बसायचं. तिनं मग सांगितलं, "हरलास तर वरीसभर हिला रोज न्यायचं आन आनायचं. हिनं मारलं तरी उलटा हात करायचा न्हाई. आयकलं, धम्म्या?" आणि उजवा हात पुढं केला. तो थंडगार होता. मी टाळी दिली.

पलीकडं शाळेच्या भिंतीवर घोणसदऱ्याची पोरं ओळीनं बसून सगळं बघत होती. गाडा गेल्यावर त्यांना धीर आला. एकानं खोटी शिंक काढली. मग दुसऱ्यानं. मग सगळी भिंत आमच्याकडं तोंड करून शिंकायला लागली, आक्छी, आक्छी, आणि मधे मधे, बोरठानचं शेंबूड, तिकडंच मरा. नक्कल म्हणून वाईट होती, पण जोर होता. त्यातलं एक उंच पोरगं भिंतीवर उभं राहिलं आणि डावा खांदा पाडून, हात लोंबता सोडून बनाआजीसारखं चालून दाखवायला लागलं.

यशीनं रडणं थांबवलं. ती त्या पोराकडं बघत राहिली. मग उठली, रस्त्यावरचा एक दगड उचलला, ठेवला, दुसरा उचलला. बोटांना कळत असावं. तो दगड ओढा ओलांडून गेला आणि उंच पोराच्या कपाळावर बसला, पोरगं भिंतीमागं गायब झालं, आणि ते कुठं पडलं ते बघायला यशी धावत सुटली. मोरीवरून, शीव ओलांडून, रिबिनी सुटलेल्या, दप्तर गरगर फिरवत. तिच्यामागं बोरठाणचं एकूणएक पोर. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात कंपासपेटी.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणीतरी माझ्या पोटात डोकं घातलं. कुणाचा तरी दात माझ्या कोपराला लागला, त्याची खूण आहे. पाण्याच्या टाकीजवळ यशी त्या उंच पोराच्या छातीवर बसली होती आणि दोन्ही हातांनी काम करत होती, दोन बायांचं. मग लोखंडी दार आदळल्याचा आवाज आला. हेडसरांनी फाटकाला आतून कुलूप घातलं होतं. पाठीला दार लावून, हात पसरून ते म्हणाले, "या ठिकाणी आता कुणीही बाहेर जाणार नाही." तेव्हा मी मान वर करून पाहिलं. माझ्या मुठीत घोणसदऱ्याच्या कुणाचे तरी केस होते, आणि मी शाळेच्या आत होतो.

मास्कचं खोकं त्या दिवशी संपलं. फुटलेल्या डोक्यांना, सोलवटलेल्या गुडघ्यांना सरांनी हिरवे मास्क बांधले, तोंडासाठी एकही उरला नाही. बाकावर एकेक बसवायचं ठरलं होतं ते राहिलं. दोन गावांची पोरं एकमेकांपासून लांब बसवावी लागली, म्हणून एकेका बाकावर चौघं. हजेरी झाली. सुजलेल्या ओठांनी सगळ्यांनी "हजर" म्हटलं. घोडेगावहून पोलीस आले, त्यांना दोन्ही गावांनी सांगितलं की गाडा घसरला आणि माणसं पडली. बाळासाहेबांनी मान हलवली. भागुजीबाबा मात्र संध्याकाळी विहारात म्हणाले की दोराला आपला हात लागला नाही, याची नोंद असावी. बनाआजीकडं त्यांनी पाहिलं नाही, पण तिला दवाखान्यात न्यायला जीप त्यांनीच सांगितली होती.

मधल्या सुट्टीत मी फाटकाच्या गजांतून पाहिलं होतं. ती अजून मोरीवरच बसलेली होती, रत्ना तिच्या गळ्यात ओढणीची झोळी बांधत होती. तिनं मला पाहिलं. उजव्या हाताचं एक बोट वर केलं. मी एकसुद्धा म्हणालो होतो ना, ते एक.

पैज हरलो ती मी माझ्याच पायांनी. आता रोज सकाळी मी शेवटच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. यशी येते, दप्तर माझ्या गळ्यात अडकवते आणि न बोलता नडगीवर एक लाथ घालते. पाऊस असला की दोन. उलटा हात करायचा नाही, असं ठरलंय.